डावीकडची आंधळी जागा

सनशाइनपासून मेलबर्न शहरापर्यंत चौदा किलोमीटर.
फोन म्हणतो, पंचेचाळीस मिनिटं.
फोनचं काय जातंय म्हणायला.

एकतीस वर्षं मी ह्याच रस्त्यांवरून
बंदरातले कंटेनर ओढले.
कुठे डांबर खचलंय, कुठला सिग्नल घाईघाईनं पिवळा होतो,
कुठल्या वळणावर ट्रेलरची शेपूट
पदपथाची कड चाटून जाते,
झोपेतून उठवून विचारा.

लुर्डेसला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली.
पहाटे सहाची पाळी.
"सायकलनं जाईन, पा," म्हणाली,
जसं काही कोपऱ्यावरून दूध आणायचंय.

मी टेबलावर कागदी नकाशा पसरला.
कोपऱ्यांवर मीठ, मिरी, कॉफीचा डबा
आणि माल्टाहून आईनं आणलेला, नाक तुटलेला संत अंतोनी.
लाल पेन्सिल घेतली.

डायनन रोड: फुली.
तिथे सायकलला रस्ता नाही, नुसतं धाडस आहे.
ट्रामचे रूळ जिथे तिरके येतात तिथे फुली,
टायर अलगद आत बसतं, माणूस बाहेर.
दुकानांपुढे गाड्या उभ्या असतात तिथेही.
दार उघडणारा आरशात बघत नाही,
तो आधी पाकीट शोधतो.
बघता बघता नकाशाला गोवर आला.

"मग जाऊ कशी? उडत?"

उरली नदीकाठची वाट.
रविवारी दोघं निघालो.
मी शेजारच्या फामबाईंची सायकल मागून आणलेली,
पुढे टोपली, मागे घंटा नसलेली.
सप्टेंबर. घरट्यांवर मॅगपाय पेटलेले.
एकानं माझ्या हेल्मेटवर टोच मारली, टक्.
लुर्डेसनं तिच्या हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधल्या होत्या,
ती दिसत होती साळिंदरासारखी, आणि हसत होती.

पुलापलीकडे डेपोचं तोंड लागतं. तिथे मी उतरलो.
"ट्रक डावीकडे वळताना
त्याच्या दाराखालची एवढी जागा," मी हात पसरले,
"चालकाला दिसत नाही. आरसा असून दिसत नाही.
तिथे तू नसायचं. दिवा हिरवा असला तरी.
हक्क तुझा असला तरी."

"तुला दिसायचं नाही?"

मी ब्रेक दाबून बघितला, सोडला, परत दाबला.
मग सांगितलं.
ह्याच तोंडाशी एकदा
माझ्या दारावर कुणीतरी मूठ आपटली.
खाली बघतो तर एक बाई, पिवळं जाकीट,
चाकापासून वीतभर.
"मी दिसले का तुला?" ती ओरडली.
मी काच खाली करून शिवी दिली.
घरी येऊन सूप प्यायलो, दोनदा वाढून घेतलं.
तुझ्या आईलाही बोललो नाही.

लुर्डेसनं टोपलीतली पाण्याची बाटली काढून दिली.
बाकी काही नाही.

परतताना नदीकाठी तीच थांबली.
"पा, इथे दिवे नाहीत."
"ट्रकही नाहीत," मी म्हटलं. जरा ऐटीतच.
"जूनमध्ये, पहाटे पाचला,
मी ओरडले तर इथे कोण ऐकेल? बदकं?"

मी खिशातली पेन्सिल चाचपत राहिलो.

घरी तिनं निळं पेन घेतलं.
बेकरीमागची गल्ली, भट्ट्या चारपासून पेटलेल्या असतात.
रात्रभर उघडा पेट्रोलपंप. रुग्णवाहिकांचा अड्डा.
मग पूल, मग डेपो, तिथे उतरून चालत.
माझ्या दोन फुल्यांवरून तिची रेघ सरळ गेली.
"एकोणीस मिनिटं जास्त," मी म्हटलं.
"मग लवकर उठेन."

आज सोमवार.
तिचा मागचा लाल दिवा लुकलुकत
गल्लीच्या टोकाला वळला.
नकाशा अजून टेबलावर, कॉफीवर साय.
आता बेकरी आली असेल.
आता पंप.
आता डेपोच्या तोंडाशी
इंजिन तापवत बसलेल्या कुणाला तरी
आत्ताच, ह्या घटकेला,
डावीकडची काच पुसायची बुद्धी होऊ दे.